मानकऱ्याचा अंगठा

त्याला सगळी गल्ली मानकरी म्हणायची. मानसन्मानाशी त्या नावाचा काडीचाही संबंध नव्हता. लोकांच्या आखडलेल्या माना मोकळ्या करायच्या हा त्याचा धंदा, म्हणून मानकरी. दारावरच्या पाटीवर त्याने आपलं खरं नाव, पदवी, वेळ असं सगळं ठळक रंगवून घेतलं होतं. पण पाटी लावली होती उंच. ती वाचायला मान वर करावी लागायची, आणि येणाऱ्यांचं नेमकं तेच दुखणं होतं. तेव्हा खरं नाव कुणी वाचलंच नाही.

दवाखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत लांब बाक आणि त्यावर माना धरून बसलेली माणसं. कोपऱ्यातल्या टेबलाशी त्याची बायको. ती फोन घ्यायची, वेळा द्यायची, आणि कुणी उगाच मोठमोठ्याने कण्हायला लागलं तर त्याच्याकडे अशी बघायची की त्याचं कण्हणं आपोआप बंद व्हायचं. मागच्या खोलीत एक उंच टेबल, त्याच्या डोक्याशी चाकांचं स्टूल, टॉवेलांची चळत आणि भिंतीवर मणक्यांचं चित्र.

कामाला माणूस अस्सल होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याची फजितीच सांगायची आहे. पेशंटला तो उताणं झोपवायचा, डोक्याशी बसायचा आणि डोकं दोन्ही तळहातांत घ्यायचा. आधी नुसतं धरून ठेवायचा. माणूस पैसा सोडेल, हट्ट सोडेल, पण स्वतःचं डोकं दुसऱ्याच्या हातात सोडून द्यायला लवकर तयार होत नाही. "सोडा, सोडा, मी धरलंय," असं तो म्हणत राहायचा. डोकं खरोखर जड झालं की त्याची बोटं मानेच्या कडेने एकेक सांधा चाचपत खाली जायची. अडलेला सांधा सापडला की तिथेच थांबून एक बारीकसा झोका सुरू व्हायचा, पुढे-मागे, पुढे-मागे, गंजलेली बिजागरी तेल घालून हलवत राहावी तसा. मग तो म्हणायचा, "आता माझ्या हाताला गालाने ढकला. जोर नको, माशी उडवण्याइतकंच. धरा. आता सोडा." सोडलं की मान बोटभर जास्त वळायची. पुन्हा ढकला, पुन्हा सोडा. शेवटी टॉवेल मानेमागे घेऊन घरी करायचा व्यायाम शिकवायचा. आलेला माणूस हनुवटी खांद्याजवळ नेऊनच बाहेर पडायचा.

सगळं उत्तम. घोडं पेंड खायचं ते एकाच जागी. या सगळ्याला आवाज नव्हता.

पहिला दणका दिला तो टॅक्सीवाल्याने. बिचाऱ्याला मागे बघताच येत नव्हतं. गाडी मागे घ्यायची झाली की मागच्या सीटवरच्या प्रवाशालाच विचारायचा, "बघा हो जरा, कुणी आहे का?" मानकऱ्याने त्याच्यावर मनापासून मेहनत घेतली. चार-पाच फेऱ्यांत गड्याची मान अशी वळायला लागली की टेबलावर बसल्या बसल्या त्याला मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं. मानकरी कौतुकाची वाट बघत हात पुसत उभा. टॅक्सीवाला म्हणाला, "ते झालं हो, पण वाजलं नाही."

"काय वाजलं नाही?"

"मान. पलीकडच्या सलूनमध्ये दाढी झाली की शेवटी असा एक झटका देतात, कडाड! सगळा शीण उतरतो. तुम्ही तर नुसतं गोंजारलंत."

असं म्हणून तो त्या नव्याकोऱ्या मोकळ्या मानेसकट तडक सलूनमध्ये गेला, एक कडाड करून घेतलं आणि सलूनवाल्याने आपली मान बरी केली म्हणून गल्लीभर सांगत सुटला. राबला मानकरी, जयजयकार सलूनवाल्याचा. त्या दिवशी मानकरी जेवला नाही. "कृतघ्न आहे जग," असं बायकोला म्हणाला. "जग जाऊ दे, भाजी गार होतेय," ती म्हणाली.

आणि मग ती दुपार आली. बँकेतली एक बाई टेबलावर होती. दिवसभर संगणकासमोर बसून मान पुढे निघालेली, तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. मानकरी तिचं डोकं धरून डावीकडे वळवत असताना त्याचा स्वतःचा अंगठा कुठेतरी तिरपा दाबला गेला आणि कट्! अंगठा त्याचा, कान तिचा.

"आई गं!" बाई डोळे मिटूनच म्हणाली. "सुटली! बघा, बघा, कसं हलकं वाटतंय!"

मानकऱ्याने तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. 'तो माझा अंगठा होता' हे वाक्य अगदी दातांपर्यंत आलं होतं. पण बाईची मान खरोखरच मघापेक्षा जास्त वळत होती. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या टेबलावरून "आई गं" म्हणून उठत होतं. तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी बाईने बँकेतल्या तिघींना पाठवलं. तिघी आल्या त्या कान टवकारूनच. आता पाहुण्यांना उपाशी कसं पाठवायचं? मानकऱ्याने डावा अंगठा वाजवला, उजवा वाजवला, आणि तिसरीला तर्जनी. तिघी खूश. मनाची समजूत घालायला माणसाला काय लागतं? औषधाच्या गोळीवर साखर लावतात तसं हे, असं त्याने स्वतःला पटवलं. गोळी तर खरीच आहे ना! आणि गोळी खरी होती, हेही खोटं नाही. आवाज ऐकला की लोक अंग सैल सोडायचे, सैल सोडलं की सांधा चांगला हलायचा. साखरेनेही थोडं काम केलंच.

अडचण एकच होती. एकदा वाजलेलं बोट लगेच दुसऱ्यांदा वाजत नाही. ज्याने शाळेत बाकाखाली बोटं मोडली असतील त्यालाही हे ठाऊक असतं. म्हणून मानकऱ्याला हिशोबाने चालावं लागे. सकाळी अंगठे, मग तर्जन्या, मग मधली. करंगळीचा आवाज बारीक, म्हणून ती लहान मुलांसाठी आणि फार संशयी नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी. गर्दीच्या दिवशी दुपारपर्यंत हात मुका व्हायचा. मग तो दार किंचित उघडून बायकोला म्हणायचा, "जरा थांबव त्यांना. बोटं संपली."

"एवढं शिकलात," बायको म्हणायची, "आणि शेवटी अंगठाबहाद्दरच निघालात!"

ती चिडवायची, पण बाहेर कुणाला बोलली नाही. धंदा जोरात चालला होता. सलूनवाल्याचं कडाड हे आता गावठी समजलं जाऊ लागलं आणि मानकऱ्याचं कट् शास्त्रीय. टॅक्सीवालासुद्धा परत आला आणि मधल्या बोटाचा आवाज ऐकून तृप्त होऊन गेला. मानकऱ्याची स्वतःची मान तेव्हापासून जरा ताठ झाली, पण तिच्यावर इलाज त्याच्याकडे नव्हता.

त्याची एकच सख्खी बहीण. ताई. त्याच्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे. तेव्हा याचं नाक पुसण्यापासून याला कॉलेजात घालण्यापर्यंत सगळं ताईने केलं आणि पडदे शिवून केलं. घरांचे पडदे, कचेऱ्यांचे पडदे, एकदा तर एका नाट्यगृहाचा अवाढव्य मखमली पडदा. तो खोलीत मावेना म्हणून दोघं भावंडं त्याच्यावरच झोपायची. तिने शिवलेला पडदा कधी एका अंगाला लोंबला नाही. जीभ मात्र कातरीहून धारदार. भावाचे केस पिकले तरी ती त्याला 'छोट्या' म्हणायची, भरल्या बाकासमोर.

पुढे संधिवाताने तिला धरलं. आधी बोटं वाकडी झाली, मग मनगटं, मग गुडघे. शिलाई मशीन विकलं त्या दिवशी ती रडली नाही. "खडखड करत होतं मेलं," एवढंच म्हणाली.

आणि मग संधिवात मानेत शिरला. मानकऱ्यानेच तिला एक्स-रे फोटो काढायला पाठवलं होतं, आणि ती काळी फिल्म खिडकीपुढे धरली तेव्हा त्याला सगळं दिसलं. कवटीखालचे पहिले दोन मणके एकमेकांना बांधून ठेवणारी दोरी दुखण्याने कुरतडली होती. मान पुढे झुकली की वरचा मणका जागचा सरकत होता, आणि त्याच्या मागेच मज्जारज्जू. असल्या मानेला कुणी झटका दिला तर माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. नाही गेला, तर गळ्याखालचं सगळं लुळं पडून उरलेलं आयुष्य छताकडे बघत काढू शकतो. तीच फिल्म तो सर्जनना दाखवून आला तेव्हा ते स्पष्ट म्हणाले होते, "बहिणीला सांगा आणि लवकर घेऊन या. स्क्रू घालून पक्कं करून टाकू."

आणि मानकरी ताईला काय म्हणाला? "थोडी झीज आहे गं. चालायचंच या वयात."

भित्रा होता, दुसरं काय! बोटं गेली, मशीन गेलं, चालणं अर्धं झालं. आता 'ताई, तुझी मानसुद्धा' हे त्याच्या तोंडून निघेना. पुढच्या महिन्यात सांगू, थंडी सरल्यावर सांगू, असं करत करत दीड वर्ष गेलं. बायको पाठीशी लागली होती. "वन्संना सांगून टाका."

"सांगतो गं. वेळ बघून."

"वेळ मी देते सगळ्यांना. तुम्हालाही देऊ का?"

ताई दर गुरुवारी यायची. तिचं डोकं तो अंड्यासारखं जपून उशीवर ठेवायचा. मानेला हातसुद्धा लावायचा नाही. नुसते खांदे शेकायचा, खांद्यांचे स्नायू सैल करायचा आणि "कुणालाही मानेला हात लावू देऊ नकोस" एवढं बजावून सोडायचा. का, ते नाही. गंमत बघा. साऱ्या गल्लीत ज्या एका माणसाला तो बिनसाखरेचा, शुद्ध उपचार देत होता, त्याच माणसाला वाटत होतं की आपल्याला फसवलं जातंय. कारण ताई आपली पाळी येईपर्यंत बाहेर बाकावर बसायची, आणि तिचं ऐकणं शाबूत होतं. आतून कट् यायचं. थोड्या वेळाने पुन्हा कट्. माणसं हसत बाहेर पडायची. आणि हिची पाळी आली की शुकशुकाट.

"छोट्या, वाजलं नाही."

"तुझी नाही वाजवायची, ताई. नाजूक आहे."

"मग ती बँकेतली भवानी काय लोखंडाची आहे?"

तिच्या कानाशी एखादं बोट वाजवून मोकळं होणं त्याला सहज जमलं असतं. पण ते त्याच्याने झालं नाही. जिने नाक पुसायला शिकवलं तिच्या कानाशी थाप मारायची त्याला लाज वाटत होती. खरं लपवायची मात्र वाटत नव्हती. माणसाची लाज कुठे जागी होईल आणि कुठे घोरत पडेल याचा काही नेम नाही.

असाच एक गुरुवार. ताई टेबलावर टेकता टेकता म्हणाली, "हातांतून मुंग्या जाताहेत सारख्या. काल उंबऱ्यात पाय अडखळला. आणि खाली वाकलं की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं बघ."

मानकऱ्याने हातातला टॉवेल खाली ठेवला. मज्जारज्जूवर दाब यायला लागला की माणूस हेच, अगदी याच शब्दांत सांगतो. आता थांबायला वेळ उरलेला नव्हता. त्याने घसा खाकरला, आणि इतक्या तयारीनंतर त्या घशातून निघालं एवढंच, "सोमवारी त्या सर्जनना दाखवून येऊ."

"सर्जन कशाला? तूच तर सगळ्यांना सांगतोस ना, मान आखडली की हाताला मुंग्या येतात म्हणून! एकदा वाजव. मोकळी होईल."

"नाही, ताई."

"का नाही?"

"नको म्हणतो ना."

ताई उठून बसली. "परक्यांना देतोस," ती म्हणाली. "येईल त्याला देतोस. मी काय फुकट येते म्हणून?"

त्याच्या जिव्हारी लागलं. तो काही बोलेपर्यंत ती बाहेर पडली होती, भावजयीने पुढे केलेला चहासुद्धा न घेता.

शनिवारी गर्दी उसळली. बाक भरून माणसं दारात उभी. मानकऱ्याची सगळी बोटं एकामागून एक खर्ची पडली आणि शेवटची करंगळी बँकेतल्या बाईच्या वाट्याला आली. "आज आवाज जरा बारीक आला," बाई कुरकुरत होती. तेवढ्यात दार ढकलून टॅक्सीवाला आत आला. गालांवर दाढीचा साबण अजून ओला.

"साहेब, तुमच्या ताई सलूनमध्ये बसल्यात. माझ्यानंतर त्यांचाच नंबर. मान वाजवून घ्यायची म्हणाल्या. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत."

मानकरी पळाला. बँकेतली बाई टेबलावर उताणी, मानेखाली टॉवेल, "अहो, दुसरी बाजू राहिली!" म्हणून ओरडतेय आणि हा रस्त्यावर. पायातल्या चपला दवाखान्यातल्या, रबरी. एक वाटेतच सुटली. बाकावरची माणसं दारात येऊन बघायला लागली. त्याला पळताना कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

सलूनमध्ये ताई खुर्चीत बसली होती. पुरुषांच्या त्या दुकानात, तीन दाढ्यांच्या मधे, गळ्याभोवती चौकडीचं कापड बांधून, आरशातल्या स्वतःकडे रोखून बघत. सलूनवाला मागे उभा. त्याचा एक तळहात तिच्या हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे. "एकदम सैल सोडा, मावशी," तो म्हणत होता.

"हात काढ!" मानकरी दारातूनच ओरडला.

सलूनवाल्याने हात काढले नाहीत, पण थांबला. तोही मानी माणूस. "डॉक्टर, पेशंट त्यांच्या पायांनी आलंय. मी कुणाला ओढून आणलं नाही. आणि आजवर माझ्या हातून कुणाचं काही बिघडलेलं नाही."

"मी आलेय माझ्या मर्जीने," ताई आरशातूनच म्हणाली. "सख्खा भाऊ देत नाही ते हा परका देतोय. तू जा तुझ्या बँकवालीकडे."

"ताई, ऐक. तो आवाज खोटा आहे."

"काय?"

"मानेचा नाही तो. माझ्या बोटांचा आहे. मी माझी बोटं मोडतो, लोकांच्या कानाशी. कुणाचीच मान वाजत नाही माझ्याकडे. आजवर एकाचीही नाही वाजली."

अर्धी दाढी झालेल्या एका गृहस्थाने कारागिराचा वस्तरा लांब सारून मान वळवली. मानकऱ्यानेच मोकळी केलेली मान ती.

"कायतरीच," ताई म्हणाली. "मला इथून उठवायला आता हे काढलंस होय? दाखव बघू वाजवून."

मानकऱ्याने अंगठा दाबला. काही नाही. दुसरा दाबला. तर्जनी ओढली, मधली पिळली, करंगळी मुरगळली. दहाच्या दहा बोटं मुकी. सकाळपासून सगळी वापरून झाली होती. तो वेड्यासारखा एकेक बोट ओढत उभा, घामाने निथळतोय, एक पाय अनवाणी. आपण लबाड आहोत हे त्याला जीव तोडून सिद्ध करायचं होतं आणि ते काही केल्या होत नव्हतं. बघ्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "जाऊ द्या हो डॉक्टर, कशाला स्वतःकडे कमीपणा घेताय?"

"बघितलंस?" ताई म्हणाली. "लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही." आणि सलूनवाल्याला म्हणाली, "कर रे तू."

हनुवटीखालचा तळहात पुन्हा घट्ट झाला.

"मरशील!" मानकरी किंचाळला. एवढा मोठा आवाज त्याच्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. "मरशील, ताई! तुझ्या मानेतलं हाड सुटलंय. वरचे दोन मणके. फोटोत दिसलंय मला. एक झटका बसला तर जागच्या जागी जाशील, नाहीतर जन्मभर लुळी पडशील. म्हणून मी हात लावत नाही. म्हणून मुंग्या येतात. झीजबीज काही नाही. मी खोटं सांगितलं तुला."

आधी सलूनवाल्याचे हात निघाले. त्याने ते विस्तवावरून काढावे तसे काढले आणि स्वतःच्या छातीशी धरून दोन पावलं मागे सरकला. चेहरा पांढराफटक. "देवा," एवढंच म्हणाला.

ताई हलली नाही. आरशातूनच भावाकडे बघत राहिली. "कधीपासून ठाऊक आहे?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष," ती म्हणाली. "लोकांना नाही ते ऐकवलंस. आणि मला आहे ते सांगितलं नाहीस."

तो खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. कुणी हसलं नाही. सलूनवाल्याने कपाटातून नवाकोरा टॉवेल काढला. त्याची जाड गुंडाळी करून मानकऱ्याने ताईच्या मानेभोवती पट्ट्यासारखी बांधली. टॅक्सीवाल्याने गाडी सलूनच्या दाराला लावली, आणि दवाखाना उघडा टाकून ते तसेच मोठ्या इस्पितळात गेले. गाडी इतकी सावकाश चालली होती की सायकली पुढे जात होत्या. वाटेत ताई एक अक्षर बोलली नाही. तिथे दाखल झाल्यावरही बोलायची ती फक्त भावजयीशी. भाऊ समोर आला की डोळे मिटून घ्यायची.

इकडे गल्लीत बातमी फुटलीच. मानकऱ्याला वाटलं, आता लोक दार फोडतील. त्याने मनाची तयारी केली, पुन्हा दार उघडलं त्या दिवशी येईल त्याला स्वतःहून सांगायला लागला, "मी फसवलं तुम्हाला. तो माझा अंगठा होता." पण लोकांची श्रद्धा अशी एका कबुलीजबाबाने थोडीच मरते! बँकेतली बाई समजूतदारपणे म्हणाली, "बाकीच्यांचं असेल हो अंगठ्याचं. माझी खरंच वाजली होती, मला आतून जाणवलं ना." टॅक्सीवाल्याचं म्हणणं तेच. बाकावर बसलेल्या प्रत्येकाचं म्हणणं तेच: शेजारचा फसला, आपलं मात्र खरं. काहींनी तर वेगळाच अर्थ काढला. बहिणीच्या काळजीने डॉक्टरांचा हात गेला, ते बिचारे आता वाजवू शकत नाहीत, म्हणून असं काहीबाही सांगतात. ते हळहळले आणि दुसऱ्या गल्लीतल्या मालिशवाल्याकडे गेले. सलूनवाल्याने मात्र झटका देणं कायमचं बंद केलं. दाढी झाली की तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावर नुसता टॉवेल झटकायचा, आणि गिऱ्हाईक रागावलं तर रागावू द्यायचा.

ताईचं ऑपरेशन झालं. बाहेर बाकड्यावर मानकरी आणि त्याची बायको बसून होती. सर्जन आले आणि म्हणाले, "छान घट्ट बसवलंय. आता हलायचं नाही ते." जन्मभर माना सैल करत आलेल्या त्या माणसाने 'घट्ट' हा शब्द ऐकून सर्जनचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. शेवटी बायकोने सोडवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत सोडलं. पलंगाची डोक्याकडची बाजू जराशी उचललेली, ताईच्या गळ्याला कडक पट्टा. तो उशाशी असलेल्या खुर्चीवर बसला. परिचारिकेने ताईला पायाची बोटं हलवायला सांगितलं. चादरीखाली बोटं हलली. हातांची वाकडी बोटंही हलली. मानकऱ्याने तोंडावर रुमाल धरला.

परिचारिका गेली.

"छोट्या," ताई म्हणाली.

सलूनमधल्या त्या दिवसानंतर तिने पहिल्यांदाच हाक मारली होती.

"पूर्वीसारखी हलेल का रे मान?"

त्याच्या धंद्यात या प्रश्नाचं उत्तर तयारच असतं: होईल हळूहळू, व्यायाम करत राहा. हे उत्तर तो दिवसातून किती वेळा द्यायचा त्याला गणती नव्हती. आताही ते ओठांवर आलं.

"नाही, ताई," तो म्हणाला.

"थोडी तरी?"

"थोडीशी वळेल, खालच्या मणक्यांतून. पण वर बघता येणार नाही. मागे वळून तर कधीच नाही."

ताई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. डोळ्याच्या कडेने पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. तिचा हात तिथवर पोचेना, म्हणून त्याने पुसलं.

"बरं केलंस सांगितलंस," ती म्हणाली. "आता तिथून ऊठ आणि पुढे येऊन उभा राहा. तिथे बसलास तर मला दिसत नाहीस."

तो उठला आणि तिला दिसेल असा पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला.